पावसाळ्यानंतर गाडी डावीकडे ओढतेय, टायर आतून खाल्लेत – अलाइनमेंट नक्की कधी करायची?

कुंभार्ली_वारी

नमस्कार मंडळी. गाडी २०२१ची क्रेटा डिझेल, १७ इंची अलॉय, टायर २१५/६०. मी कराडला कॉलेजात शिकवते, घर चिपळूणला. त्यामुळे शनिवार-रविवार म्हटलं की कुंभार्ली घाट ठरलेला. गाडी मीच चालवते, आणि ती कशी वागते हे मला बऱ्यापैकी कळतं, म्हणून विचारतेय.

सप्टेंबरात पाटणच्या अलीकडे, रात्रीची वेळ, समोरून ट्रकचा अप्पर डोळ्यांवर, आणि पाण्याने भरलेल्या खड्ड्यात डावं पुढचं चाक आदळलं. आवाज असा झाला की मागच्या सीटवर झोपलेल्या सासूबाई उठून बसल्या. टायर फुटला नाही, अलॉयची कड जराशी खरचटली. हवा तपासली, ठीक होती. मग सत्रपरीक्षा, पेपर तपासणी, आणि गाडीकडे बघायला कुणाला वेळ?

आता झालंय असं की सरळ रस्त्यावर स्टिअरिंग उजवीकडे किंचित कलतं धरावं लागतं. हात सैल सोडला की गाडी डाव्या अंगाला जाते. गतिरोधकावर डावीकडून बारीक ‘कट्’ येतो, तो कधी येतो, कधी नाही. आणि काल स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर पाहिले, तर पुढच्या दोन्ही टायरांची आतली कड जवळजवळ गुळगुळीत झालीय. बाहेरून बघितलं तर टायर अगदी छान दिसतात!

टायरवाला म्हणतो अलाइनमेंट, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) आणि ‘प्रेस लावून कॅम्बर करेक्शन’, सगळे मिळून ३,४०० रुपये. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात पुढच्या सर्व्हिसला बघू, दहा हजार किमीला होतंच. सासरे म्हणतात दर पाच हजाराला करायचीच, विषय संपला. एक टायर दहा हजारांच्या घरात जातो, म्हणून नीट समजून घ्यायचंय. अलाइनमेंट कधी लागते, कशासाठी लागते, आणि हे कॅम्बर प्रकरण खरं आहे का?

सहावा_गिअर

सासरे बरोबर आहेत. मी पुण्यात दर पाच हजाराला अलाइनमेंट, बॅलन्सिंग, रोटेशन (टायरांची जागा बदलणं) तिन्ही करतो, डोकं लावत नाही. सातशे-आठशे रुपयांसाठी एवढा विचार कशाला? आपल्या रस्त्यांवर पाच हजार किमीमध्ये खड्ड्यात न गेलेली गाडी दाखवा. ३,४०० मात्र जास्त वाटतात. दुसरीकडे विचारा.

मिरज_थ्रीडी

ताई, आधीच सांगून टाकतो. मी मिरजेत टायरच्या दुकानात अलाइनमेंटच्या मशीनवरच उभा असतो. म्हणजे मी ‘करून घ्या’ म्हटलं तर धंद्याचं बोलतोय असं वाटायचं. पण तुम्ही काय कराड सोडून माझ्याकडे येणार नाही, तेव्हा मोकळं लिहितो.

पाच हजार का दहा हजार, हा वादच मला पटत नाही. चाकाचे अँगल किलोमीटरने बिघडत नाहीत. ते बिघडतात खड्ड्याने, दुभाजकाच्या कडेने, झिजलेल्या बुशने (जोडातल्या रबरी अस्तराने), आणि कुणीतरी काहीतरी खोलून परत बसवलं की. टायर कंपन्या ५ ते १० हजार सांगतात, ते चाकं तपासून घ्या म्हणून. तपासणं वेगळं आणि फिरवणं वेगळं. गाडी मशीनवर चढवायची, आकडे बघायचे, बरोबर असतील तर हात न लावता खाली उतरवायची. पण तसं केलं की गिऱ्हाईक म्हणतं, काहीच केलं नाही तर पैसे कशाचे? मग मुलं उगाच पाना लावून पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे करतात. सहावा गिअर, रागावू नका, पण दर पाच हजाराला डोकं न लावता करणाऱ्यांच्या गाड्यांवर हेच होतं.

आता कशासाठी, ते. तीन अँगल असतात. टो म्हणजे वरून बघितलं तर पुढची चाकं एकमेकांकडे वळलीत का एकमेकांपासून लांब. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक आत कललंय का बाहेर. कास्टर डोळ्यांना दिसत नाही. स्टिअरिंग फिरवल्यावर चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष मागे किती कललाय, ते कास्टर. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं ते मुख्यतः त्याच्यामुळे.

टायर खाण्यात सगळ्यात पुढे टो. हिशेबच करून दाखवतो. चाक फक्त ०.१ अंश वाकडं असलं, तर एक किलोमीटर जाताना टायर पावणेदोन मीटर आडवा घासत जातो. तुमच्या टायरचा व्यास ६९० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ०.१ अंश हा टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेत जेमतेम सव्वा मिलिमीटरचा फरक. डोळ्यांना दिसणार नाही, पण दहा हजार किमीमध्ये तो टायर साडेसतरा किलोमीटर रस्त्यावर आडवा ओढला जातो. चाकं बाहेर वळलेली असतील तर आतली कड जाते, आत वळलेली असतील तर बाहेरची.

तुमची आतली कड दोन्ही बाजूंना गेलीय, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाची माहिती हीच आहे. आदळलं एकच चाक, मग उजवा टायर का खाल्ला? कारण सरळ जाताना टोची चूक दोन्ही चाकं वाटून घेतात. तुम्ही स्टिअरिंग उजवीकडे धरता, तेव्हा दुसरं काय करता? डावं चाक बाहेर वळलंय, त्याची अर्धी चूक उजव्या चाकाला देता. कॅम्बर बिघडला असता तर ज्या चाकाचा बिघडला तोच टायर खाल्ला असता. म्हणजे तुमचा टायरवाला कॅम्बरचे पैसे गाडी मशीनवर चढवायच्या आधीच सांगून बसलाय.

कॅम्बर प्रेसचं तर मला बोलूच देऊ नका. तुमच्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बरचा एकच खांब) आहे. तिथे कॅम्बर सेट करायची कंपनीची सोय नसल्यात जमा. स्ट्रट आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) जोडणारे दोन बोल्ट सैल करून थोडीफार मिनिटं (अंशाचे साठावे भाग) मिळतात, किंवा वेगळा बारीक कॅम्बर बोल्ट घालतात, तेवढंच. प्रेस लावतात म्हणजे हायड्रॉलिक जॅकने तो जोड दाबून वाकवतात. मशीनवर आकडा हिरवा, म्हणजे रेंजमध्ये, येतो, पण वाकलं काय ते कुणी सांगत नाही. कॅम्बर खरंच बाहेर गेला असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. तो भाग शोधायचा आणि बदलायचा. घाटात चालणाऱ्या गाडीचा स्ट्रट वाकवून सरळ करायला मी माझ्या हातून देत नाही.

तुमचा ‘कट्’ आवाज मला जास्त सतावतोय. अलाइनमेंटच्या आधी गाडी लिफ्टवर घेऊन डाव्या लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) मागचं बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड (स्टिअरिंगपासून चाकाला वळवणारा दांडा) वाकलाय का, त्याचं एंड कसं आहे हे बघायला सांगा. पहार घालून आर्म हलवला की फाटलेलं बुश लगेच दिसतं. बुश सैल असताना केलेली अलाइनमेंट मशीनवर उभ्या गाडीची असते. पहिला ब्रेक मारला की आर्म सरकतो आणि आकडे गेले.

आणि एक अट घाला: आधीचा प्रिंट आणि नंतरचा प्रिंट, दोन्ही पाहिजेत. आधीचा प्रिंट न देणाऱ्याकडे काम देऊ नका. मापं घेण्याआधी चारही टायरांची हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे सारखी करायची, नाहीतर गाडी एका अंगाला बसते आणि आकडे खोटे येतात. क्लॅम्प लावल्यावर गाडी थोडी मागे-पुढे ढकलतात, ते रिमच्या वाकडेपणाची भरपाई करायला. ते न करता कुणी थेट पाना उचलला तर समजा घाई आहे.

ऑरेंज_सिटी_रोडी

मिरजवाले भाऊ, मजा आली वाचून. नागपूरहून माझी भर.

लोक ओढणं आणि थरथरणं एकच समजतात. समृद्धीवर १२० च्या मर्यादेत चालवताना गावात कधी न जाणवलेलं सगळं बाहेर येतं, कारण रस्ता काँक्रीटचा, सरळ, आणि तुम्ही तासन्‌तास एकाच वेगात. माझ्या हॅरिअरचं स्टिअरिंग ९०-१०० ला हातात बारीक थरथरायचं, त्याच्यावर गेलं की कमी. दोन दुकानांनी अलाइनमेंट केली, काही फरक नाही. शेवटी बॅलन्सिंगमध्ये निघालं, एका रिमवरचं वजन गळून पडलं होतं. विशिष्ट वेगाला थरथर म्हणजे बॅलन्सिंग किंवा रिम, एका बाजूला ओढ म्हणजे हवा, टायर, ब्रेक किंवा अलाइनमेंट. बॅलन्सिंगला वजनाचे पैसे ग्रॅमवर लावतात, तेव्हा जुनी वजनं काढून शून्यापासून करायला सांगा, नाहीतर जुन्यावर नवीन चिकटवत बसतात.

ताई, हवा मात्र सकाळी थंड टायरवर बघा. गाडी पळवून आल्यावर प्रेशर वाढलेलं दिसतं आणि पंपवाला चांगल्या मनाने काढून टाकतो. आणि डावीकडे थोडी ओढ असतेच, रस्त्याला पाणी वाहून जायला डाव्या कडेकडे उतार दिलेला असतो. सपाट मोकळ्या जागेवर ओढत नसेल तर तो रस्ता आहे, गाडी नाही.

मिरज_थ्रीडी

हवेचं लाखाचं बोललात. आमच्याकडे ओढते म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या हवा सारखी केल्यावर तशाच परत जातात. डावीकडे २७, उजवीकडे ३४ असलं तर कसली अलाइनमेंट?

अजून एक सोपी परीक्षा. पुढचे दोन टायर डावा-उजवा अदलाबदल करून बघायचे. ओढ बाजू बदलून उजवीकडे गेली तर दोष टायरात आहे. टायर आतल्या पट्ट्यांच्या रचनेमुळे किंचित शंकूसारखा बनलेला असू शकतो, आणि तो अलाइनमेंटने सुटत नाही. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र ही अदलाबदल करू नका.

कुंभार्ली_वारी

सगळ्यांचे आभार. मिरजवाले दादा, तुम्ही म्हणालात तसं आधीच्या प्रिंटची अट घातली. पहिला टायरवाला म्हणाला, मॅडम प्रिंटर बंद आहे. मग दुसऱ्याकडे गेले. त्याने हवा सारखी केली, गाडी मागे-पुढे ढकलली, सगळं तुम्ही सांगितलंत तसंच. लिफ्टवर बघा म्हटलं तर म्हणाला तो मेकॅनिक दुपारी येतो, तोपर्यंत अलाइनमेंट करून घेऊ. ८०० अधिक जीएसटी.

आकडे देते.
आधी: टो डावं −०°४०′, उजवं +०°०४′. कॅम्बर डावं −०°२०′, उजवं −०°३०′. कास्टर डावं ३°३०′, उजवं ४°३५′. सेटबॅक ९ मिमी, डावं चाक मागे.
नंतर: टो दोन्हीकडे +०°०२′. बाकी तेच.

कॅम्बर आणि कास्टर आधीपासूनच हिरवे होते. टो लाल होता तो हिरवा झाला. स्टिअरिंग आता एकदम सरळ आहे, बघून बरं वाटतं. पण गाडी अजून डावीकडे जाते! कॉलेजच्या सपाट ग्राउंडवरसुद्धा बघितलं. सगळं हिरवं असताना कसं काय?

सहावा_गिअर

टायर अदलाबदल करून बघा. आतून खाल्लेत, त्यामुळेच ओढत असणार.

मिरज_थ्रीडी

थांबा, टायर नंतर बघू. त्या कागदावर उत्तर लिहिलंय.

आधी टो. डावं उणे (म्हणजे बाहेर) ४० मिनिटं, उजवं अधिक (आत) ४, बेरीज उणे ३६. सरळ जाताना वाटून प्रत्येकी १८ मिनिटं बाहेर. ६० मिनिटांचा एक अंश, म्हणजे ०.३ अंश. (काही मशीन मिनिटात दाखवतात, काही दशांशात. ०°०६′ आणि ०.०६° एक नव्हे. ६ मिनिटं म्हणजे ०.१ अंश. मुलांचा इथे फार गोंधळ होतो.) ०.३ अंश म्हणजे किलोमीटरला सव्वापाच मीटर आडवं. सप्टेंबरपासून पाच हजार किमी झाले असतील तर सव्वीस किलोमीटर आडवं घासलं, कड जाणारच. स्टिअरिंग कलतं का होतं, तेही इथेच आहे. दोन्ही बाजूंच्या टोमध्ये ४४ मिनिटांचा फरक, त्याच्या निम्मं म्हणजे २२ मिनिटं चाकाला. स्टिअरिंगचा रेशो साधारण १५ धरला तर स्टिअरिंगवर साडेपाच अंश, म्हणजे घड्याळात मिनिटाच्या एका घराला थोडं कमी. एवढंच दिसत होतं ना? तो भाग मिटला.

आता कास्टर. डावं साडेतीन, उजवं ४°३५′. दोन्ही आपापल्या रेंजमध्ये, म्हणून मशीनने हिरवं दाखवलं. मशीन एकेका चाकाला रंग देतं, डोकं आपल्याला लावावं लागतं. दोन्ही बाजूंत एक अंशापेक्षा जास्त फरक आहे. आम्ही अर्ध्या अंशापर्यंत सोडून देतो, त्यापुढे नाही. ज्या बाजूचं कास्टर कमी, त्या बाजूला गाडी जाते. तुमचं डावं कमी आणि गाडी डावीकडे जाते. कॅम्बरच्या दहा मिनिटांच्या फरकाने एवढी ओढ येत नाही.

डावं कास्टर कमी झालं कसं? सेटबॅक बघा. डावं चाक उजव्यापेक्षा ९ मिलिमीटर मागे आहे. थोडा फरक कंपनीतूनच येतो, पण सेटबॅक आणि कास्टर दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवत असतील तर योगायोग म्हणून सोडायचं नसतं. खड्ड्याच्या कडेने चाक मागे ढकललं, लोअर आर्म मागे गेला, त्याच्याबरोबर खालचा बॉल जॉइंट मागे गेला, आणि अक्षाचा कल कमी झाला. आता दोनच शक्यता. एकतर आर्मचं मागचं बुश फाटलंय आणि आर्म तिथे सरकून बसलाय, किंवा आर्मच वाकलाय. तुमचा ‘कट्’ आवाज धरला तर मी बुशवर पैज लावतो, पण बघितल्याशिवाय बदलू नका.

एक काम स्वतः करा. गाडीखाली वाकून डाव्या आणि उजव्या टाय रॉडच्या लॉकनटपाशी उघडे आटे मोजा, मोबाइलने फोटो काढला तरी चालेल. डावीकडे उजव्यापेक्षा बरेच जास्त दिसले तर डावा रॉड वाकून आखूड झालाय आणि पोराने तो फिरवून लांबी भरून काढलीय. तुमच्या गाडीत रॅक (टाय रॉड ज्याला जोडलेत ती स्टिअरिंगची आडवी पट्टी) चाकांच्या मधल्या रेषेच्या मागे आहे, तिथे रॉड आखूड झाला की चाकाची मागची बाजू आत ओढली जाते आणि चाक बाहेर वळतं. उणे ४० मिनिटांचा अर्थ तोच असू शकतो. वाकलेला रॉड फिरवून चालवायचा नाही, बदलायचा. स्टिअरिंगचा भाग आहे.

मेकॅनिकला आणखी एक गोष्ट सांगा. नवीन आर्म बसवताना बुशचे बोल्ट चाकं लोंबकळत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. आधी हातघट्ट ठेवायचे, गाडी जमिनीवर तिच्या वजनाने बसली की मग फायनल टॉर्क. लोंबकळतं असताना आवळलं तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्यावी लागते म्हणून लोक टाळतात.

लाल_माती_४बाय४

जरा मध्येच घुसतो, सावंतवाडीहून. माझ्या थारला मोठे टायर आणि दोन इंच लिफ्ट केलंय. अलाइनमेंटवाला म्हणतो तुमच्या गाडीला काही होणार नाही, चेसिसवाली आहे. बायकोची एक्सयूव्ही ७०० आहे, तिथे म्हणतो कॅमेरावाली गाडी, आम्ही हात लावत नाही. कुठे जाऊ?

मिरज_थ्रीडी

थारला काही होणार नाही म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका. लिफ्ट केल्यावर पुढचे आर्म खाली झुकतात, टो आणि कॅम्बर दोन्ही हलतात, कास्टरसुद्धा बदलू शकतं. लिफ्टनंतर अलाइनमेंट लगेच, आणि स्प्रिंग महिनाभराने बसल्यावर पुन्हा एकदा. मागे अखंड अ‍ॅक्सल आहे, तिथे फिरवायला काही नाही, पण मोजायचं नक्की. मागचा अ‍ॅक्सल तिरका असेल तर गाडीचा ढकलण्याचा रोख तिरका होतो, त्याला थ्रस्ट अँगल म्हणतात. पुढची चाकं त्या रोखाला धरून सेट केली तरच स्टिअरिंग सरळ राहतं. म्हणून ‘तुमच्या मागच्या चाकांना अलाइनमेंट नसते, दोनच चाकं मोजू’ हे अर्धवट काम.

तुमच्याकडे कोकणात आणखी एक भानगड. फॉर्च्युनर, क्रिस्टा यांच्या पुढच्या लोअर आर्मला कॅम बोल्ट असतात, त्याने कॅम्बर-कास्टर व्यवस्थित सेट होतं. पण दमट हवेत ते बुशच्या आतल्या नळीत गंजून असे जाम होतात की शेवटी कापून काढावे लागतात. अशी गाडी असेल त्यांनी वर्षातून एकदा ते बोल्ट हलतात का एवढं तरी बघून घ्यावं.

एक्सयूव्ही ७००च्या बाबतीत तो माणूस निदान खरं बोलला. काचेवरच्या कॅमेऱ्याने लेन बघणाऱ्या गाडीत, आणि ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या जवळपास प्रत्येक गाडीत, स्टिअरिंग किती फिरलंय ते सांगणारा सेन्सर असतो. अलाइनमेंटमध्ये स्टिअरिंगचं सरळ बदललं तर सेन्सरचं शून्यही जुळवून घ्यावं लागतं, त्यासाठी स्कॅनर पाहिजे. नाहीतर लेनचं फीचर उगाच स्टिअरिंगला ढोसतं किंवा मीटरवर दिवा लागतो. कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन लागेल का ते कंपनीच्या वर्कशॉपला विचारा, आणि ती गाडी तिथेच न्या. महाग पडेल, पण इथे काटकसर नको.

कुंभार्ली_वारी

दादा, पैज जिंकलात. डाव्या आर्मचं मागचं बुश अर्ध्याहून जास्त फाटलं होतं, मेकॅनिकने पहार घालून हलवून दाखवलं. आर्म सरळ होता, पण बुश वेगळं मिळेना म्हणून आर्मच पूर्ण बदलला. आटे मोजले, डावीकडे चार-पाच जास्त होते, म्हणून डावा रॉड आणि एंड दोन्ही नवे. जमिनीवर घेऊन आवळा म्हटलं तर मेकॅनिक माझ्याकडे बघतच राहिला, पण केलं. परत अलाइनमेंट केली. कास्टर आता डावं ४°२५′, उजवं ४°३५′. ग्राउंडवर हात सैल सोडला तर गाडी सरळ जाते, आणि ‘कट्’ही गेला.

आता टायरांचं काय करू? आतली कड टीडब्ल्यूआयच्या (टायर संपल्याच्या) खुणेला टेकलीय, बाकी नक्षी पाच मिलिमीटर आहे. सासरे म्हणतात मागे टाक, चालतील अजून वर्षभर. आणि यापुढे परत कधी करून घेऊ?

मिरज_थ्रीडी

मागेही नको. टीडब्ल्यूआय म्हणजे १.६ मिलिमीटर, कायद्याने तीच शेवटची हद्द, आणि ती कडेला आली म्हणजे आलीच, मधली पाच मिलिमीटर मोजायची नाही. कुंभार्लीत पावसाळी वळणावर मागचं चाक सुटलं तर गाडी गोल फिरते, पुढचं सुटण्यापेक्षा ते सांभाळायला अवघड. दोन नवीन टायर घ्या आणि ते मागे बसवा, मागचे चांगले असतील तर पुढे आणा. दुकानदार नवीन पुढे बसवा म्हणेल, ऐकू नका. काढलेल्यांपैकी एकही स्टेपनीत ठेवू नका, कधीतरी रात्री घाटात तोच बाहेर काढावा लागेल.

टायर बदलल्यावर नुसतं मोजून घ्या, फिरवायला काही नसेल तर पाना लावू देऊ नका. पुढे दर महिन्याला टायरवरून आडवा तळहात फिरवत जा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं तर टो गेला समजायचं, कड जायच्या बऱ्याच आधी ते हाताला कळतं. तेव्हा या, किंवा मोठा खड्डा बसला की या, किंवा खालचं काही खोललं की या. आणि पावसाळा संपला की दसऱ्याच्या आसपास एकदा तपासून घ्या, तेवढं पुरे. दोन्ही प्रिंट गाडीच्या कागदांबरोबर ठेवा, पुढच्या वेळी कास्टर हललं का ते त्यांच्यावरूनच कळेल.

लाल माती, थारचे टायर कोणत्या मापाचे बसवलेत ते लिहा, मग सांगतो.

लाल_माती_४बाय४

२६५/७० आर १७. पुढे पूर्ण वळवल्यावर आतल्या फेंडरला जरा घासतात.

मिरज_थ्रीडी

घासतात तेवढं आधी बंद करा, लायनर (फेंडरच्या आतलं प्लास्टिक) कापून किंवा चाक जास्त वळू न देणारा स्टॉपर लावून. मशीनवर कास्टर मोजताना स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवावंच लागतं, तिथे अडलं की माप चुकतं. मग लिफ्ट कुणाचा आहे आणि पुढचे वरचे आर्म बदललेत का ते सांगा. जुनेच वरचे आर्म असतील तर कॅम्बर कितपत येईल ते आधीचा प्रिंट बघूनच बोलू.